सहा दगड वगळण्याबाबत

"सर, एवढ्या सहा कागदांवर तुमची सही हवीय. निरीक्षणातली चूक म्हणून वगळायचेत," असं म्हणत संशोधक मुलीने प्लॅस्टिकचे सहा पारदर्शक कागद त्याच्या टेबलावर मांडले, आणि त्याच्या हातातल्या कपातून चमचाभर चहा बशीत सांडला. एवढंच झालं. बाकी कार्यालयात सकाळी अकराला जे चालतं ते चालूच होतं. पंखा एका पात्याने जड असल्यासारखा डुगडुगत फिरत होता, पलीकडच्या खोलीत कोणीतरी वाळलेल्या झाडपाल्याच्या फायलींवरची धूळ फडक्याने झटकत होतं आणि दर झटक्यामागे शिंकत होतं. त्याने कप खाली ठेवला. कागदांवर काळ्या शाईच्या बारीक रेषेने काढलेले वेडेवाकडे आकार होते, कुठल्यातरी ओसाड बेटांच्या नकाशासारखे. कोपऱ्यात दगडाचा क्रमांक आणि वर्ष. वर्ष पंधरावं. क्रमांक वाचायची त्याला गरज नव्हती. सहा, अकरा, चौदा, बावीस, एकतीस, अडतीस. गेल्या अकरा वर्षांत त्याने हे कागद कपाटातून एकदाही बाहेर काढले नव्हते आणि तरीही आकडे जिभेवर होते, शाळेतल्या हजेरीसारखे.

"पंधरावं वर्ष म्हणजे सोनं आहे, सर," मुलगी सांगत होती. तिच्या डोळ्यांखाली कॉम्प्युटरसमोर बसून आलेली काळी वर्तुळं होती, पण आवाजात उत्साह मावत नव्हता. "चाळीसपैकी चौतीस दगडांवरची वाढ एकसारखी. चारी बाजूंनी. इतकं स्वच्छ वर्ष मी कुठल्याच नोंदीत पाहिलं नाही. त्या वर्षी दव चांगलं पडलं असणार. माझा अख्खा तिसरा भाग त्यावर उभा आहे. हे सहाच तेवढे मिठाचा खडा. एका बाजूला वाढ ठप्प, दुसरीकडे भलतीच पसरलेली. हात हलला असेल तुमचा. तापबीप होता का तेव्हा?"

"हात हलला असेल," तो म्हणाला.

"मग करा ना सही."

"ठेवून जा. बघतो."

कार्यालयात त्याला दगडफूलवाले म्हणत. काहीजण नुसतंच दगड म्हणत, आणि ते त्याला ऐकू गेलं तरी त्याचं काही बिघडत नसे. सव्वीस वर्षं त्याचं काम एकच होतं. शहरापासून दिवसभराच्या वाटेवर वाळवंट सुरू होई, आणि त्यातल्या एका काळ्या टेकाडाच्या उत्तर अंगाला चाळीस दगड निवडलेले होते. प्रत्येकावर छिन्नीने तीन फुल्या कोरलेल्या. वर्षातून एकदा, थंडीत, तिथे जायचं, पारदर्शक कागद तीन फुल्यांवर बरोबर बसवायचा, आणि खाली दगडाला चिकटून बसलेल्या दगडफुलाची कड बारीक पेनाने कागदावर उतरवायची. गेल्या वर्षीचा कागद त्यावर ठेवला की मधलं अंतर दिसे. ती वर्षाची वाढ. माणसाचं नख पाच दिवसांत वाढतं तेवढं दगडफूल वर्षात वाढतं. अर्धा मिलिमीटर. लोक विचारत, हे मोजून काय होतं? सुरुवातीला तो उत्तर द्यायचा, हवेतला ओलावा कळतो, वाळवंट सरकतंय की थांबलंय ते कळतं. मग उत्तर आखडत गेलं. अलीकडे कोणी विचारलं की तो म्हणे, "अजून मोजून व्हायचंय."

संध्याकाळी तो चालत घरी निघाला. सहा कागद फायलीत घालून त्याने बरोबर घेतले होते. का घेतले ते त्याला सांगता आलं नसतं. रस्त्यावर ऑफिसं सुटली होती. एका दुकानदाराने फुटपाथवर पाणी मारलं होतं आणि ओल्या सिमेंटचा वास उठला होता. त्या वासाने त्याला नेहमी टेकाडावरची सकाळ आठवे, कारण दव पडलेला दगडही असाच वास सोडतो. तिथे पहाटेच्या थोड्याशा वेळात राखाडी, मेल्यासारखी दिसणारी दगडफुलं हिरवी होत, तासभर काय जगायचं ते जगून घेत, आणि ऊन चढलं की पुन्हा वर्षानुवर्षं मेलेली असल्यासारखी दिसत. पहिल्या वर्षी हे पाहून तो इतका हरखला होता की घरी येऊन त्याने धाकट्या बहिणीला, बारकीला, तासभर व्याख्यान दिलं होतं. दगडफूल म्हणजे एक जीव नव्हेच, बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून केलेला संसार. बुरशी घर देते, दगडाला धरून ठेवते. शेवाळ उन्हावर अन्न शिजवतं. एकेकटं कोणी त्या दगडावर आठ दिवस टिकणार नाही. बारकी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमधून नुकतीच आली होती, कानावर हेडफोनचा लाल वळ तसाच होता. ती म्हणाली, "म्हणजे आपलंच की रे दादा. तू बुरशी."

"मी का बुरशी?"

"जागा तुझ्या नावावर, स्वयंपाक माझ्या गळ्यात. आणखी काय पुरावा पाहिजे?"

बारकी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा ती चौथीत होती, आई गेली तेव्हा एक्स्चेंजमध्ये नुकती लागली होती. तिचं लग्न जमता जमता मोडलं, आणि त्याचं ती उजवेपर्यंत थांबू म्हणता म्हणता राहूनच गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघं राहिली. नाव घरात कधी कोणी घेतलंच नाही, लहान म्हणून बारकी. आणि शेवटच्या वर्षी ती इतकी वाळली की ते नाव ऐकताना त्याला अपराधी वाटू लागलं, जणू आपणच हाका मारून मारून तिला झिजवलं. तिला मात्र त्याचीही मजा वाटे. "शेवाळ आजारी पडलंय," ती अंथरुणातून ओरडे, "बुरशीने कुकर लावायला शिकावं."

जिन्यात दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. हल्ली तो तिथे थांबतच असे, गुडघ्यांसाठी. कठड्याला धरून उभं राहिल्यावर त्याला वाटलं, सही करून टाकावी. ही मुलगी गुणी आहे, राबते आहे, तिचं होऊन जाईल. सहा कागद. त्यात कुणाचं काय जातं? पण त्या सहांवर लिहिलं जाणार होतं, चूक. चौतीस खोटे कागद सोनं ठरणार होते, आणि ते सहा चूक.

त्या वर्षी, पंधराव्या वर्षी, तो वाळवंटात गेलाच नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिना, फार तर दोन. निरीक्षणाचे दिवस जवळ आले तेव्हा तो तेव्हाच्या साहेबांकडे गेला. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "एक वर्ष चुकलं की मालिका तुटली. मालिका तुटली की वरचे लोक काम बंदच करतील, निमित्तावरच टपलेत ते. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. शेजारी कोणी आहेत ना बघायला?" शेजारी होते. त्याने दौऱ्याच्या कागदावर सही केली, शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली, बूट चढवले, पाठपिशवी घेतली आणि सकाळच्या बसमध्ये जाऊन बसला. तेव्हा कार्यालयाची जीप नव्हती. बस शहराबाहेरच्या नाक्यावर थांबली. कंडक्टर खाली उतरून कोणाशी तरी हुज्जत घालत होता. खिडकीतून एक भिंत दिसत होती, तिच्यावर ओल येऊन पडलेला काळा डाग. त्या डागाची कड तो डोळ्यांनी गिरवत बसला, सवयीने. आणि कड पूर्ण झाली तेव्हा तो उठला, पिशवी घेतली आणि बसमधून उतरला. चालत घरी यायला त्याला दोन तास लागले. दार उघडलं तेव्हा बारकी जागी होती. तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं.

"काय विसरलास?"

"काही नाही."

ती म्हणाली, "मग चहा टाक. काकूंचा चहा म्हणजे आजाऱ्याला शिक्षा आहे."

ते आठ दिवस. पुढच्या आयुष्यात त्याला कोणी विचारलं असतं की तू कधी सुखी होतास, तर त्याने ते आठ दिवस सांगितले असते, आणि सांगताना त्याला लाज वाटली असती. कार्यालयाच्या लेखी तो वाळवंटात होता, त्यामुळे कोणी बोलावणार नव्हतं. काकूंना त्याने सांगितलं, दौरा रद्द झाला. दिवसा ऊन खिडकीतून पलंगाच्या पायथ्याशी येई आणि दुपारपर्यंत उशीपर्यंत चढे. तो तिचे केस विंचरी, तिला बरं वाटलं तर ती खालच्या रस्त्यावरच्या बायकांची नक्कल करी, आणि बरं वाटलं नाही तर दोघंही नुसतं भिंतीकडे बघत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने खिडकीजवळच्या टेबलावर गेल्या वर्षीचे कागद पसरले, एकेकावर कोरा कागद ठेवला, आणि जुन्या कडेच्या बाहेरून नवी कड काढायला लागला. अर्धा मिलिमीटर. हात तयार होता, चौदा वर्षांचा. दर कागदाला दहा मिनिटं. चोरी करताना इतका कंटाळा येतो हे त्याला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "दे एखादा इकडे. नुसतं पडून पाठीला मुळं फुटतील माझ्या."

त्याने तिच्या गुडघ्यांवर पोळपाट ठेवला, त्यावर दोन कागद चिमट्याने लावून दिले आणि पेन हातात दिलं. तिने बराच वेळ जुन्या रेषेकडे नुसतं पाहिलं. मग काढायला लागली आणि एका जागी थांबली.

"बाहेरून सारखी काढ," तो म्हणाला. "हे बघ, अशी. सगळीकडून सारखं अंतर."

"सगळीकडून सारखं कसं वाढेल रे? तूच म्हणालास ना, एकीकडून ऊन लागतं. इथे खाच आहे. इथे ते दमलं असेल." तिथे तिने नवी रेषा जुनीला टेकवली. "आणि इकडे बरंय म्हणून पुढे गेलंय. जाऊ दे त्याला."

दिवसाला एक, फार तर दोन. प्रत्येकाला तिला दुपार पुरे. असे सहा. सातवा मागितला नाही. त्यानंतर एकोणीस दिवसांनी ती गेली. पुढच्या वर्षी तो खरोखर टेकाडावर गेला, गुडघ्यांवर बसून खऱ्या कडा उतरवल्या, आणि पाहिलं तर कितीतरी दगडांवर त्याच्या खोट्या रेषेपर्यंत दगडफूल पोचलंच नव्हतं. त्याने आहे तशी नोंद केली. ही मुलगी आता त्यालाच म्हणत होती, चांगल्या वर्षानंतरची पीछेहाट.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या खोलीत गेला. हे साहेब नवे, त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघत. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बारकीने काढलेल्या सहा कागदांचं सोडून. साहेबांनी आधी दार लावून घेतलं.

"अर्धा मिलिमीटर," ते म्हणाले. "अहो, पेनाचं टोक त्याच्या निम्म्याएवढं असतं. आणि अकरा वर्षांनी? दोन वर्षं राहिलीत तुमची. झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडली तर हातात काय राहील? एक वर्ष खोटं म्हटलं की लोक उरलेल्या चोवीस वर्षांकडे बोट दाखवतील. त्या मुलीला खटकलेले ते सहा काढून टाका, चौतीस राहू द्या. मुलीचंही भलं, तुमचंही."

"हो," तो म्हणाला.

"मी हे ऐकलेलं नाही."

"हो."

बाहेर येऊन तो आपल्या खुर्चीत बसला. पश्चात्ताप म्हणतात तसं त्याला काही होत नव्हतं. पुस्तकांत माणसं अशा वेळी रात्ररात्र जागतात. तो मेल्यासारखा झोपत होता आणि उठताना झोपण्यापूर्वी होता त्याहून दमलेला असे. त्याला वाटे, खोटं बोलायला ताकद लागते हे चूक आहे. खोटं एकदा बोलून होतं. मग ते कपाटात बसून राहतं, आणि आपण त्याच्या आसपास अंग चोरून चालतो. त्या चोरून चालण्याने माणूस थकतो. सहा कागद फायलीत होते. मुलीने दोनदा दारातून डोकावून विचारलं, आणि दोनदा तो म्हणाला, "परत आल्यावर करतो," कारण त्या आठवड्यात सव्विसाव्या वर्षाच्या निरीक्षणाला जायचं होतं, आणि या खेपेला मुलगीही बरोबर येणार होती. आठ महिने ती ज्यांचे नकाशे बघत होती ते दगड तिने अजून पाहिले नव्हते.

जीप चालवायला नेहमीचे ड्रायव्हरमामा होते. वाटेत ते एकटेच बोलत होते. झाडं खुजी होत गेली, मग काटेरी झाली, मग नुसते काटेच उरले असं वाटावं इतकी पानं आखडली. एका ठिकाणी लघवीला थांबले तेव्हा मुलीला वाळूत सुकलेल्या मुठीसारखा एक गोळा सापडला. मुळापासून सुटलेलं, वाऱ्यावर गडगडत फिरणारं झुडूप. त्याने तिला तो पाण्याच्या झाकणात ठेवायला सांगितला. मुक्कामाला पोचेपर्यंत गोळा उलगडून वीतभर पसरला होता, आणि मुलगी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मेला होता हो हा, सर!"

"मेलाच आहे," तो म्हणाला. "पाणी लागलं की उघडतो. जिवंतपणाशी त्याचा काही संबंध नाही. बिया तेवढ्या टाकतो." मग आपण फार कडू बोललो असं वाटून त्याने तिला पावसानंतर वाळूतून वर येणाऱ्या बुरशीबद्दल सांगितलं, बोटभर देठावर पांढरी टोपी, आत काळी पूड. आठ-आठ वर्षं वाळूखाली नुसते धागे पडून असतात. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं.

सकाळी दव होतं. टेकाडाच्या उत्तर अंगाला सावलीत दगड ओले काळे चमकत होते आणि त्यांवरची दगडफुलं हिरवी, पिवळी, एखादं गंजाच्या रंगाचं. मुलगी पहिल्या दगडापाशी गुडघे टेकून बसली. मग तिने कागदावरची कड आणि दगडावरची कड बोटाने जुळवून पाहिली. "मी यांना ओळखते," ती हळूच म्हणाली. त्याच्या गुडघ्यांना आता बसणं जमत नव्हतं, म्हणून कागद तिने बसवायचा, रेषा तिने काढायची आणि त्याने वर उभं राहून आकडे लिहायचे असं ठरलं. ती हळू, पण नेटकी होती. कुठे शंका आली तर भिंगातून पाही, पुन्हा पाही, मगच पेन टेकवी. दगडामागून दगड झाला. ऊन चढायच्या आत चौदावा आला. ती म्हणाली, "हाही त्या सहांतला, नाही का?" आणि त्याने वही मिटली.

"पंधराव्या वर्षी मी इथे आलो नव्हतो," तो म्हणाला.

ती वर बघून हसली, काहीतरी विनोद असावा तशी.

"सगळे चाळीस कागद घरी काढलेत. जुन्या कागदावर नवा ठेवून."

हसू तिच्या तोंडावरून लगेच गेलं नाही, नुसतं जागच्या जागी वाळलं. तिने पेनाला टोपण लावलं. "सगळे?"

"सगळे."

"आठ महिने, सर." आवाज चढला नव्हता, आणि तो चढला असता तर बरं झालं असतं. "आठ महिने मी त्या चौतीस रेषा मोजतेय. पाठ केल्यात मी त्या. चारचौघांत सांगितलंय, टाळ्या घेतल्यात. तुम्ही तिथे पहिल्या रांगेत बसला होतात."

"होतो."

"मग आता कशाला सांगताय? सही करायची होती ना. मला जन्मात कळलं नसतं."

तो बोलायला लागला तेव्हा शब्द सापडत गेले. "ते सहा चूक म्हणून काढायचे नाहीत."

"म्हणजे ते तेवढे बरोबर आहेत?"

"नाही. तेही बरोबर नाहीत. काढायचे तर चाळीसही काढ. त्या सहांना एकटं काढू नकोस."

ती उठली, पँटला लागलेली वाळू झटकली आणि टेकाड उतरून चालायला लागली. वाळवंटात चालत निघालेलं माणूस फार वेळ दिसत राहतं. तो तिथेच उभा राहिला. दव उडून गेलं होतं आणि चौदाव्या दगडावरचा हिरवा रंग त्याच्या देखत राखाडी होत चालला होता. त्याला मोकळं वाटलं नाही. उलट आता पुढे काय काय करावं लागेल त्याची लांबलचक रांग दिसली आणि बसावंसं वाटलं, पण बसलो तर उठता येणार नाही म्हणून तो उभाच राहिला. खालून ड्रायव्हरमामा पाण्याची बाटली घेऊन आले.

"भांडलात की काय?"

"माझं चुकलंय."

"मग पाणी प्या," मामा म्हणाले, जणू चुकलेल्या माणसाला तेवढाच उपाय असतो.

तासाभराने ती परत आली. डोळे सुजलेले होते. ती चौदाव्या दगडापाशी बसली, कागद फुल्यांवर बसवला आणि म्हणाली, "लिहा." त्याने लिहिलं. तीन दिवस असेच गेले, आकड्यांखेरीज बोलणं नाही. जेवताना ती मामांशी बोले. शेवटच्या दिवशी चाळिसावा दगड संपला, सामान जीपमध्ये टाकलं, आणि ती मागच्या सीटवर जुन्या फायली उघडून बसली. अर्धी वाट सरल्यावर तिने विचारलं, "ते सहा कुणी काढले? हात तुमचा नाही."

"माझ्या बहिणीने."

"त्या यायच्या इकडे?"

"नाही. तिने वाळवंट कधी पाहिलं नाही. आजारी होती. तिच्यासाठीच थांबलो होतो."

जीप खडखडत होती. मुलगी कागद काचेला लावून उजेडात बघत राहिली.

"सगळेच खोटे आहेत," ती अखेर म्हणाली. "पण चौतीस बघून आता माझीच मला लाज वाटते. एक सकाळ खऱ्या दगडासमोर बसले असते तरी कळलं असतं. कुठलंही दगडफूल इतकं नीटनेटकं वाढत नाही. हे सहा..." ती थांबली. "हे सहा मी आजसुद्धा खरे धरले असते." आणि मग रागाने, त्याच्याकडे न बघता, "माफ केलेलं नाही मी तुम्हाला."

"नको करूस."

कार्यालयात परत आल्यावर गोष्टी वेगाने झाल्या नाहीत, कार्यालयात त्या होत नसतात. मुलीने तिचा तिसरा भाग काढून टाकला आणि तसं लेखी कळवलं. साहेबांनी त्याला बोलावून घेतलं, पण बसा म्हणाले नाहीत. चौकशी लागेल म्हणाले, कदाचित बाकीची वर्षंही कोणी तपासेल. तो म्हणाला, तपासू द्या, दगड जागेवर आहेत. हे त्याने धैर्याने म्हटलं नव्हतं. त्याच्या मनात आलं ते एवढंच, की आता रोज कपाटाजवळून जाताना अंग चोरायला नको. जेवणाच्या सुट्टीत काही टेबलं त्याला पाहून गप्प होत. दगड म्हणणारे आता दगडही म्हणत नव्हते. एका दुपारी तो दगडांचे पंधराव्या ते विसाव्या वर्षाचे तक्ते पुन्हा लिहून काढत होता तेव्हा मुलगी आली, शेजारची खुर्ची ओढून बसली, आणि निम्मे तक्ते आपल्याकडे घेतले.

पुढच्या सोमवारी रेकॉर्डच्या कारकुनाने त्याला तळमजल्यावर बोलावलं. नोंदी रद्द करायच्या तर त्याचा एक फॉर्म होता, आणि तो ज्याने नोंद केली त्यानेच भरायचा होता. कारकून म्हातारा होता, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. खोलीत जुन्या कागदांचा गोडसर, कुबट वास होता. त्याने फॉर्म भरायला घेतला. वर्ष, पंधरावं. दगड, एक ते चाळीस. रद्द कागद, चाळीस. शेरा, त्या वर्षी निरीक्षण झाले नाही. त्याखाली दोन बोटं रुंदीचा रकाना होता, निरीक्षण न होण्याचे कारण.

पेन तिथे थांबलं. कार्यालयाच्या भाषेत तयार शब्द होते आणि ते सगळे त्याला येत होते. अपरिहार्य कारणास्तव. प्रकृतीच्या कारणाने. घरगुती अडचण. घरगुती अडचण त्याने अर्ध्यापर्यंत लिहिलंही, 'घरगु' एवढं, आणि खोडलं. अडचण नव्हती. त्या आठ दिवसांत अडचण म्हणावी असं काहीही नव्हतं. ऊन पलंगाच्या पायथ्याशी येई आणि दुपारपर्यंत उशीपर्यंत चढे. अकरा वर्षं कागदोपत्री तो तेव्हा वाळूत होता, एका टेकाडावर, चाळीस दगडांसमोर. आणि त्या घरात, त्या खिडकीपाशी, कागदोपत्री बारकीजवळ कोणीच नव्हतं. ती एकटी होती. हे त्याच्या आजवर कधी लक्षात आलं नव्हतं, आणि लक्षात आल्यावर त्याने टेबलाची कड अशी घट्ट धरली की कारकुनाने फॉर्मवरून नजर उचलून वर पाहिलं.

"पाणी देऊ?"

"नको," तो म्हणाला, आणि रकान्यात लिहिलं, 'बहिणीजवळ होतो.'

कारकुनाने फॉर्म आपल्याकडे फिरवून घेतला, चष्मा वर ढकलला आणि सावकाश, ओठ हलवत वाचला.

"असं लिहीत नाहीत खरं म्हणजे," तो म्हणाला. मग त्याने रकान्यावर बोट ठेवलं. "सख्खी?"

"सख्खी."

"थोरली की धाकटी?"

"धाकटी."

कारकुनाने मान हलवली, ड्रॉवरमधून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि फॉर्मवर दाबून उमटवला.